मराठी भुताला नेमकं काय हवं असतं? ‘झपाटलेला’ ते ‘मुंज्या’, समजून घ्या आपल्या भयपटांची गोष्ट

26 जानेवारी 2022. कोरोनाची तिसरी लाट सुरू होती, थिएटरमध्ये निम्म्याच खुर्च्या भरायला परवानगी होती. नेमक्या अशा वेळी एक मराठी सिनेमा आला, ज्यात साथ पसरते आणि डोंबिवलीतली माणसं झोंबी होतात. सिनेमाचं नाव ‘झोंबिवली’. ठाणे ते कल्याण पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही पहिला विनोद हाच सुचेल की, सकाळी फास्ट लोकलच्या दारात जी झुंबड असते ती बघितली, तर डोंबिवलीला झोंबी बाहेरून आणायची गरज काय?

त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, 7 जून 2024 ला, ‘मुंज्या’ आला. भाषा हिंदी, पण भूत अस्सल कोकणातलं. मोठा स्टार नसलेल्या या सिनेमाने देशात 100 कोटींचा टप्पा ओलांडला. दोन्ही सिनेमांचा दिग्दर्शक एकच, आदित्य सरपोतदार.

हॉरर आवडणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. “मराठीत हॉरर आहे तरी काय? तात्या विंचू?” आता तात्या विंचूला कमी लेखायचं काही कारण नाही. पण गोष्ट त्याच्यापाशी संपत नाही. आपल्याकडे भुतांची भलीमोठी यादी आहे, भयकथांची दणकट परंपरा आहे आणि गेल्या काही वर्षांत त्यातून खरोखर चांगले सिनेमेही आले आहेत. या सगळ्यांना जोडणारा एक धागा आहे. मराठी भूत उगाच येत नाही. त्याचं काहीतरी राहिलेलं असतं आणि ते मागायला ते येतं. हा धागा पकडला की आपले भयपट वेगळेच दिसायला लागतात.

(पुढे काही सिनेमांच्या कथेतले मुद्दे येतात. शेवट मात्र फोडलेले नाहीत.)

भुतांची यादी : कोण, कुठलं आणि का?

इंग्रजी सिनेमातलं भूत बऱ्याचदा फक्त ‘भूत’ असतं. आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. माणूस कोण होता, कधी मेला आणि काय व्हायचं राहून गेलं, यावरून भुताचं नाव ठरतं. गावागणिक तपशील बदलतात, पण साधारण समजुती अशा आहेत :

- मुंज्या : मुंज झाली, पण लग्न व्हायच्या आधी मेलेला मुलगा. मुक्काम बहुतेक वेळा पिंपळावर.
- हडळ : बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत दगावलेली बाई.
- जखीण : नवरा जिवंत असताना, म्हणजे सवाष्ण मेलेली बाई.
- गिऱ्हा : पाण्यात बुडून मेलेला. नदी, विहीर, खाडीच्या काठी माणसाला चकवतो.
- समंध : ज्याचा जीव मालमत्तेत किंवा पुरलेल्या पैशात अडकला आहे असा.
- देवचार : दक्षिण कोकणात आणि गोव्यात हा भीतीचा विषय आहे, पण गावाची राखण करणाराही तोच.
- वेताळ : सगळ्या भुतांचा राजा. सिंधुदुर्गातल्या आरवलीत वेतोबाचं मोठं देवस्थान आहे. देव रात्री गावात फेरी मारतो आणि त्याच्या चपला झिजतात, या श्रद्धेने भक्त त्याला मोठाल्या चामड्याच्या चपला वाहतात.

ही यादी नीट बघा. मूल जन्माला घालताना मरणाऱ्या बाईसाठी वेगळा शब्द आहे. लहान वयात गेलेल्या मुलासाठी आहे. बुडून मेलेल्यासाठी आहे. ज्या काळात बाळंतपणात बायका सर्रास दगावत आणि मुलं मोठी होतीलच याची खात्री नसे, त्या काळाचं हे मरणाचं रजिस्टर आहे म्हणा ना. त्यात समाजाची उतरंडही आहे. कुठलं भूत कुठल्या जातीचं किंवा धर्माचं, हेही लोकांनी ठरवून टाकलं होतं. मुंज्या व्हायला आधी मुंज व्हावी लागते, हे त्याचंच उदाहरण.

ही माहिती कागदावर येण्यामागेही एक गोष्ट आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेच हे जॅक्सन. त्यांच्या मागे राहिलेल्या या कागदपत्रांवरून आर. ई. एन्थोवन या अधिकाऱ्याने पुस्तकं तयार केली. त्यातला कोकणाचा खंड 1915 मध्ये छापला गेला. स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात भेटणारं हे नाव भुतांच्या अभ्यासातही सापडतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

मग पडद्यावरचं मराठी भूत हसवतं का?

इतका ऐवज हाताशी असताना मराठी सिनेमाने बराच काळ भुताला विनोदाच्या कामाला लावलं. ‘एक डाव भुताचा’ (1982), ‘भुताचा भाऊ’ (1989), ‘झपाटलेला’ (1993), ‘पछाडलेला’ (2004) ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली नावं.

याची कारणं समजण्यासारखी आहेत. ऐंशीच्या दशकात अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या जोरावर विनोदी सिनेमा चालत होता. मराठी सिनेमाचा प्रेक्षक म्हणजे आजीपासून नातवापर्यंतचं अख्खं कुटुंब. त्या कुटुंबाला रात्री झोप लागणार नाही असं काही दाखवणं निर्मात्याला परवडणारं नव्हतं. शिवाय भीती ही खर्चिक गोष्ट आहे. चांगला अंधार, चांगला आवाज आणि चांगला मेकअप नसेल तर भीतीच्या जागी हसू येतं. मग निदान ठरवून तरी हसवावं, हा हिशेब वाईट नव्हता.

‘झपाटलेला’ची कल्पना अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’ (1988) वरून आली, हे उघड आहे. मरणारा गुंड मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो, ही मूळ गोष्ट तीच. पण महेश कोठारे यांनी ती पूर्ण मराठी केली. तिकडे बाहुला दुकानातून येतो, इकडे तो बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या लक्ष्याच्या हातात येतो. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला, त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि मंत्र देणारा बाबा चमत्कार. नव्वदच्या दशकात आणि नंतर टीव्हीवर हा सिनेमा बघत वाढलेल्या मुलांना विचारा, लक्ष्याच्या विनोदांना हसता हसता ती उशीत तोंड लपवायची. हसू आणि भीती एकाच सीनमध्ये बसवणं अवघड असतं. ते या सिनेमाला जमलं होतं.

आणि तात्या विंचूचीही एक मागणी आहेच. त्याला बाहुल्यातून बाहेर पडायचं आहे, पुन्हा माणूस व्हायचं आहे. सगळा सिनेमा त्या एका मागणीवर पळतो.

खरी भीती पुस्तकात होती

सिनेमा हसवत होता तेव्हा घाबरवण्याचं काम पुस्तकं करत होती. मराठी भयकथेचं नाव काढलं की दोन माणसं आधी आठवतात.

नारायण धारप (1925-2008) यांनी मराठीत भयकथा घराघरात पोचवली. वाईट शक्तींशी लढणारा ‘समर्थ’ हा त्यांचा नायक लोकप्रिय झाला. धारपांनी परदेशी भयकथांमधून बरंच घेतलं, पण ते पुण्याच्या, कोकणाच्या वाड्यात असं रुजवलं की वाचणाऱ्याला आपल्याच आजोळी हे घडतंय असं वाटावं.

रत्नाकर मतकरी (1938-2020) यांचा रस्ता वेगळा. त्यांनी लिहिली ती गूढकथा. तिच्यात भूत दिसेलच असं नाही, पण माणसाच्या मनातला कोपरा दिसतो आणि तो जास्त घाबरवतो. गंमत म्हणजे मराठी मुलांना पहिली चेटकीणही मतकरींनीच दिली, ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात. ती साकारणारे आधीच्या काळातले दिलीप प्रभावळकर आणि 2018 नंतरच्या नव्या प्रयोगातले वैभव मांगले, दोघांनाही मुलांनी डोक्यावर घेतलं. प्रभावळकरांच्या खात्यावर तात्या विंचू आणि चेटकीण दोन्ही आहेत, म्हणजे कितीतरी मराठी बालपणांच्या भीतीचा आवाज एकच आहे.

ही पुस्तकं लोकांपर्यंत पोचली ती मुख्यतः वाचनालयांमुळे. आमच्या ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय तर 1893 पासून सुरू आहे. वाचनालयातून आणलेलं, कडा दुमडलेलं पुस्तक रात्री पांघरुणात वाचणं, हा त्या पिढीचा हॉरर चॅनल होता. सिनेमाला या साठ्याचा पत्ता मात्र बराच उशिरा लागला.

टीव्हीने दार उघडलं

मधली कडी टीव्ही मालिकेची. 22 फेब्रुवारी 2016 ला झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या सिनेमातल्या गाजलेल्या गाण्यावरून मालिकेचं नाव आलं. शूटिंग सिंधुदुर्गातल्या आकेरी गावी झालं आणि संवादांना मालवणीचा बाज होता.

लोक भुतासाठी बसले आणि माणसांमध्ये अडकले. दुसऱ्या भागात मालिका भूतकाळात गेली आणि अण्णा नाईक आणि शेवंता ही पात्रं घरोघरी पोचली. त्या भागात भीतीपेक्षा जास्त आहे तो हिशेब. एका माणसाने घरातल्या आणि बाहेरच्या लोकांवर काय काय अन्याय केले, याची वही उघडत जाते. पुढच्या पिढीला जे झपाटतं, ते त्या वहीतूनच येतं.

‘तुंबाड’ : भूक कुणाची?

12 ऑक्टोबर 2018 ला आलेला ‘तुंबाड’ हिंदीत आहे, पण त्याचं सगळं रक्त मराठी आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे नाटककार अनिल बर्वे यांचे चिरंजीव. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने सांगितलेली धारपांची एक कथा डोक्यात राहिली आणि तिथून हा सिनेमा सुरू झाला, असं त्यांनी सांगितलं आहे. नाव आलं श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात खरंच असलेलं गाव आहे. कादंबरीच्या कथेशी मात्र सिनेमाचा संबंध नाही.

सिनेमातला हस्तर हा देव पुराणात शोधायला जाऊ नका, तो सिनेमासाठी तयार केलेला आहे. पण तो तयार करताना मराठी भुताचा नियम पाळला आहे. हस्तरला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून तो कायमचा उपाशी आहे आणि त्याला हवी आहे फक्त कणीक. त्याच्या या भुकेचा फायदा घेऊन विनायक सोन्याच्या मुद्रा पळवत राहतो. 1918 ते 1947 पर्यंत चालणाऱ्या या गोष्टीत भूक दोघांची आहे, पण राक्षसाची भूक समजण्यासारखी आहे आणि माणसाची नाही.

हा सिनेमा बनायला अनेक वर्षं लागली, त्यातला बराच भाग पुन्हा शूट झाला. 2018 मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकची सुरुवात ‘तुंबाड’ने झाली, तरी आपल्याकडे थिएटरमध्ये तेव्हा तो जेमतेमच चालला. मग ओटीटीवर लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तो मोठा केला. 13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

‘लपाछपी’ : उसाच्या फडात काय लपलंय?

जुलै 2017 मध्ये आलेला विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी या यादीत तो आधी घ्यावा. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनी तो पेलला आहे. गरोदर बायको आणि तिचा नवरा शहरातल्या अडचणीतून पळ काढून गावात आसरा घेतात. घराभोवती ऊस आणि उसात खेळणारी मुलं.

भयपटात साधारणपणे अंधार, वाडा आणि पाऊस लागतो. इथे बरीचशी भीती भर दुपारी आहे. उसाच्या फडात चार पावलांपलीकडचं दिसत नाही आणि आत शिरलेल्याला बाहेरचा रस्ता सापडत नाही. पश्चिम महाराष्ट्रात किंवा मराठवाड्यात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही.

आणि या भुतांची मागणी? मुलगी म्हणून ज्यांना जगूच दिलं नाही, त्यांचा हिशेब. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलांमागे 913 मुली होत्या. 2011 मध्ये तो आकडा 894 वर आला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 पासून असताना हे झालं. ‘लपाछपी’ या आकड्याला चेहरा देतो. सिनेमा संपल्यावर भुतापेक्षा त्या घरातल्या माणसांची भीती वाटते.

‘झोंबिवली’ : झोंबीला कारण कुणी दिलं?

झोंबी मुळात आपला नाहीच. त्याचं मूळ कॅरेबियन समुद्रातल्या हैतीमध्ये आहे. तिथे फ्रेंच मालकांच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मरेपर्यंत राबवलं जाई. मेल्यानंतरही कुणीतरी आपल्याला उठवून कामाला जुंपेल, या भीतीतून झोंबीची कल्पना वाढली. म्हणजे मूळ झोंबी माणसं खात नव्हता, तो राबत होता. 1932 च्या ‘व्हाइट झोंबी’ या अमेरिकन सिनेमात झोंबी साखरेच्या कारखान्यातच काम करताना दिसतात. माणसं खाणारी, झुंडीने येणारी प्रेतं आली ती जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (1968) नंतर. पुढच्या अनेक सिनेमांत झोंबीचं मूळ कारण विसरलं गेलं. व्हायरस आला, पळा, एवढंच उरलं.

‘झोंबिवली’ने ते कारण पुन्हा शोधलं, आणि ते डोंबिवलीत सापडलं. अमेय वाघने साकारलेला सुधीर हा इंजिनिअर गरोदर बायकोला, म्हणजे वैदेही परशुरामीला घेऊन डोंबिवलीतल्या नव्या टॉवरमध्ये राहायला येतो. शेजारी वस्ती आहे आणि वस्तीत पाणी नाही. तिथल्या लोकांसाठी भांडणारा विश्वास आहे ललित प्रभाकर. संकटाचं मूळही पाण्यातच निघतं. संकट आल्यावर टॉवरमधल्या आणि वस्तीतल्या लोकांना एकमेकांशिवाय वाट उरत नाही.

हे डोंबिवलीबाहेर घडलं असतं तर इतकं लागलं नसतं. कारण इथे निवासी भाग आणि रासायनिक कारखाने एकमेकांना खेटून आहेत. 2016 च्या मे महिन्यात एमआयडीसीतल्या कारखान्यात झालेल्या मोठ्या स्फोटाने आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या होत्या. 2020 च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता चक्क गुलाबी झाल्याचे फोटो राज्यभर फिरले. कल्याण-डोंबिवलीतल्या 27 गावांचा पाणीप्रश्न तर दर उन्हाळ्यात बातमीत असतोच. सिनेमा या घटनांवर बेतलेला नाही, पण बघणाऱ्याच्या डोक्यात त्या असतात.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. म्हाडाच्या जुन्या इमारती, पोलीस वसाहत आणि पोखरण रोडला कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, हे सगळं आमच्याकडे रिक्षाच्या मिनिमम भाड्यात दिसतं. एका भिंतीच्या अलीकडे स्विमिंग पूल आणि पलीकडे ठरावीक वेळेला येणारं पाणी, हे चित्र ठाणे ते कल्याण कुठेही नवं नाही. म्हणून ‘झोंबिवली’तले झोंबी ठोकळेबाज वाटले, विनोद काही ठिकाणी घसरले, तरी तो सिनेमा लक्षात राहतो. त्यातली भिंत ओळखीची आहे.

‘मुंज्या’ : प्रत्येक मागणी खरी असते का?

आतापर्यंतचा हिशेब सोपा होता. भुतावर अन्याय झालेला असतो, त्याची मागणी ऐकायची. ‘मुंज्या’ इथे पेच टाकतो.

1952 सालचं कोकण. गोट्या नावाच्या मुलाची मुंज होते. त्याला आपल्यापेक्षा मोठ्या मुन्नीशी लग्न करायचं आहे. घरचे ऐकत नाहीत, म्हणून तो चेटूकवाडीत जाऊन बळी द्यायला निघतो, आणि त्यात स्वतःच मरतो. पुढे पुण्यात राहणारा भित्रा बिट्टू त्याच्या तावडीत सापडतो. मुंज्याचं म्हणणं एकच : लग्न लावून दे. मुंज्या पूर्णपणे कॉम्प्युटरवर तयार केलेला आहे आणि बिट्टूच्या आजीच्या भूमिकेत सुहास जोशी आहेत, हे मराठी प्रेक्षकासाठी खास.

पारंपरिक समजुतीत मुंज्या कीव करण्यासारखा आहे, बिचारा संसार न करताच गेला. सिनेमा विचारतो की, ज्या मुलीला तू नको आहेस तिचं काय? तिची ‘नाही’ ऐकण्यापेक्षा बळी देणं ज्याला सोपं वाटलं, त्याची इच्छा अपुरी राहिली म्हणून ती पूर्ण करायची का? हट्ट आणि अन्याय यातला फरक एका विनोदी भयपटाने इतक्या सहज दाखवला, हे त्याचं मोठं यश. एकतर्फी प्रेमातून होणाऱ्या हल्ल्यांच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा हा मुंज्या पिंपळावर राहत नाही हेही कळतं.

अशा सिनेमांमुळे अंधश्रद्धा वाढते का?

हा प्रश्न प्रत्येक भुताच्या मालिकेनंतर येतो आणि महाराष्ट्रात तो येणं साहजिक आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं किंवा बांधून ठेवणं हा या कायद्याने गुन्हा आहे.

भूत दाखवणं आणि भूत आहे असं सांगून कुणाला फसवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट काढून अंधारात बसलेल्या माणसाला माहीत असतं की हे खोटं आहे. अडचण होते ती सिनेमा शेवटी मांत्रिकाला हिरो करतो आणि अंगात आलेल्या बाईला छळणं हाच उपाय म्हणून दाखवतो तेव्हा. ‘लपाछपी’ किंवा ‘तुंबाड’ यांचं मोठेपण असं की, तिथे संकट मंत्राने टळत नाही. माणसांनी काय केलं, हेच बघावं लागतं. भयपट निवडताना ही कसोटी लावून बघा, चांगला आणि टाकाऊ लगेच वेगळे होतात.

मग हे सगळं हिंदीत का गेलं?

इथे जरा वाईट वाटतं. ‘लपाछपी’ मराठीत आला, पण तो देशभर पोचला 2021 मध्ये त्याचा हिंदी रिमेक ‘छोरी’ ओटीटीवर आला तेव्हा. दिग्दर्शक तेच, ऊसही तोच. ‘तुंबाड’ हिंदीतच बनला. ‘झोंबिवली’ मराठीत करणाऱ्या सरपोतदारांनी ‘मुंज्या’, ‘काकुडा’ आणि ‘थामा’ हिंदीत केले.

कारण पैशाचं आहे. चांगल्या भयपटाला व्हीएफएक्स, साउंड आणि शूटिंगला जास्तीचे दिवस लागतात. तो खर्च मराठीच्या तिकीटविक्रीतून वसूल होणं कठीण, आणि प्राइम टाइमचे शो मिळण्यापासून झगडा सुरू होतो. हिंदीत तोच खर्च देशभर वाटला जातो.

यात काय हरवतं? ‘मुंज’ म्हणजे काय, हे हिंदी सिनेमाला आधी समजावून सांगावं लागतं. मराठी प्रेक्षकाला तो शब्द ऐकताच आजी आठवते, पिंपळाचा पार आठवतो, “तिन्हीसांजेला तिकडे जाऊ नको” हे वाक्य आठवतं. निम्मी भीती तिथेच तयार असते. ती भीती आपल्या भाषेत आयती मिळते, आणि आपण ती दुसऱ्या भाषेत पुन्हा पैसे घालून उभी करतो.

तरी दुसरी बाजूही आहे. ‘मुंज्या’ चालल्यामुळे गावाकडच्या भुतांवर पैसे लावायला निर्माते तयार झाले. गिऱ्हा, जखीण, देवचार अजून रांगेत आहेत. त्यातला एखादा तरी मराठी बोलत पडद्यावर यावा, एवढीच अपेक्षा.

सुरुवात कुठून कराल?

- घरात लहान मुलं असतील तर : ‘झपाटलेला’. लाइट चालू ठेवा.
- मित्रांसोबत, हसत-ओरडत : आधी ‘झोंबिवली’, मग ‘मुंज्या’. एकाच दिग्दर्शकाची झेपही कळेल.
- एकट्याने, हेडफोन लावून : ‘तुंबाड’. मोबाइलवर नको, शक्य तेवढा मोठा स्क्रीन घ्या.
- खरंच घाबरायचं असेल तर : ‘लपाछपी’. मराठीच बघा, रिमेक नंतर.
- वाचायचं असेल तर : धारपांचं कुठलंही ‘समर्थ’ पुस्तक आणि मतकरींचा ‘खेकडा’ हा कथासंग्रह.

आणि यातलं काहीही बघताना एक प्रश्न जवळ ठेवा : या भुताला काय हवंय, आणि ते त्याला जिवंतपणी का मिळालं नाही? डोंबिवलीत उत्तर पाणी आहे, तुंबाडात मूठभर कणीक, उसाच्या फडात जन्माला यायचा हक्क. दचकवणाऱ्या सीनचा परिणाम दोन मिनिटांत ओसरतो. ही उत्तरं मात्र सिनेमा संपल्यावर घरापर्यंत सोबत येतात.